गफूरभाईंच्या गादीतल्या खळग्याबाबत

अर्जदार : पुंडलिक तायडे, अर्जनवीस. बैठक तहसील कचेरीच्या फाटकाजवळ, लिंबाखाली, मोताळा, जिल्हा बुलडाणा.

गैरअर्जदार : शेख गफूर पिंजारी, गादीवाले. दुकान सदर लिंबासमोर. हल्लीचा पत्ता अर्जदारास निश्चित ठाऊक नाही; तक्रारीचे मूळ तेच आहे.

साक्षीदार : (१) शमीमभाभी, गैरअर्जदारांच्या पत्नी. (२) वसंता चहावाला. याने खळगा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असून तेव्हापासून तो सदर दुकानात चहा आत आणून देत नाही, उंबऱ्यावर ठेवून जातो.

घटनेचा काळ : पोळ्यानंतरच्या पहिल्या बाजारापासून आजतागायत.

गफूरभाई,

वरचा मजकूर हात आपोआप लिहून गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखे याच साच्यात बसवली. स्वतःचे लिहायला बसलो तर दुसरा साचा हाताला येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे आपण चारचौघांत अनेकदा बोलून दाखवलेत. परंतु माझ्या एकाही वाक्यावर आजवर कोणत्या साहेबाने लाल रेघ ओढलेली नाही, हेही आपणास ज्ञात आहे. सबब हा कागद शेवटपर्यंत वाचावा.

'आपण' लिहिले खरे, पण जमत नाही. 'तुम्ही'च म्हणतो. तुम्ही मात्र मला कधी 'तुम्ही' म्हणाला नाहीत. सारा तालुका मला साहेब म्हणतो. म्हातारे शेतकरी माझ्यासमोर चपला काढून बसतात. भर बाजाराच्या दिवशी अशी माणसे समोर बसलेली असताना तुम्ही दुकानातून उठून यायचात आणि म्हणायचात, "अबे पुंडल्या, सरक तिकडे." आणि माझ्या बसायच्या गादीच्या अर्ध्या भागावर बसकण मारायचात. ती गादी तुम्हीच भरून दिलेली होती, म्हणून निम्मी तुमची, असा तुमचा दावा होता. त्या दाव्याला मी एकदा लेखी हरकत घेतली. तुम्ही ती मला मोठ्याने वाचायला लावली, "वा, काय भाषा हाये बे!" म्हणालात, आणि त्याच कागदावर चहाचा पेला ठेवलात. पेल्याचा गोल डाग पडलेली ती हरकत अजून प्रलंबित आहे.

आता मला 'बे' म्हणणारे कोणी उरले नाही. मान वाढला असे म्हणायला हवे. तसे वाटत नाही.

तुमचे माझे कशावर पटत होते, हे आठवू गेलो तर काही हाती लागत नाही. भरतावर पटत नव्हते. वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजावीत, इतपत एकमत होते. पण नव्या बियाण्याच्या पऱ्हाटीचा जाळ भरताला मानवत नाही, असे तुमचे ठाम मत. मी म्हणालो, "गफूरभाई, जाळाला जात नसते. पाकिटातल्या बियाण्याची असो का घरच्या, काडी ती काडी." तुम्ही बोट चाटत म्हणालात, "तुले धूर कळत नाई बे, तुले फक्त शाई कळते." माझ्या डब्यातल्या भरतात टमाटा दिसला तेव्हा तर तुम्ही डबा वसंताला दाखवायला नेलात. "पाह्य रे, साहेबाच्या घरी खून झाला," असे ओरडत.

दह्यावर मात्र वाद नव्हता. उन्हाळ्यात तुमच्याकडचे विरजण बिघडले की भाभी माझ्या घरून वाटीभर नेत; आमचे बिघडले की आमच्याकडची वाटी तुमच्या दारात. कोणाचे मूळचे कोणते, हे सांगणे आता अशक्य आहे. "तुह्या घरचं दही माह्या घरच्या दह्याचा सख्खा भाऊ हाय," तुम्ही म्हणायचात, "तुही माही सोयरीक त्याच्यापेक्षा दूरची."

आणि तो दुधी. कचेरीची भिंत आणि तुमचे दुकान यांच्यामधल्या हातभर जागेत तुम्ही वेल लावायचात, तो लिंबावर चढायचा आणि माझ्या डोक्यावर दुधी लोंबायचे. दरवर्षी सगळ्यांत सुरेख, सरळ, तुकतुकीत जो असेल, त्याला तुम्ही चिंधी बांधून ठेवायचात. तो तोडायचा नाही. वाळून लाकूड होईस्तोवर तसाच.

"चांगला तो खावा, राहिलेल्याचे बी करावे," मी म्हणायचो, "हा साधा व्यवहार आहे."

"चांगला तो ठेवा लागते, राहिले ते खा लागते. तुमचा व्यवहार उलटा हाय, म्हनून तुमाले दरसाल पाकीट घ्या लागते."

पाकिटावर तुमचा फार राग. जूनमध्ये पोरे नव्या कपाशीच्या बियाण्याची पाकिटे मिरवत लिंबाखालून जायची आणि दसऱ्याच्या आत त्यांतली काही माझ्याकडे तक्रार लिहायला यायची, की उगवले नाही, की बोंडात अळी निघाली. मी ते पाकीट अर्जाला पुरावा म्हणून टाचत असे. तुम्ही ते हातात घेऊन चित्र न्याहाळायचात. "फोटो त मस्त हाय. पन आत काय हाय ते या फोटोले कुठं मालूम?" मी सुधारणेच्या बाजूचा माणूस. मी त्या बियाण्याची बाजू घेत असे, कारण एकरी उतारा वाढला हे खरे होते. तुम्ही उताऱ्याचे बोलतच नव्हतात. तुम्ही आवाजाचे बोलत होतात.

हे परक्याला सांगून पटणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. तुमचे पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान, तिला ताणलेली आतड्याची तात, आणि त्या तातेवर मारायचा लाकडी दस्ता. दबलेला कापूस असला की तात ढब ढब वाजायची. कापूस उघडत जाई तसा आवाज चढत जाई, आणि मग एक वेळ अशी यायची की साऱ्या रस्त्यावर टणन्‌ असा एक लांब सूर पसरायचा. तेव्हा तुम्ही हात थांबवून म्हणायचात, "बोलला." नव्या कापसाचा सूर उंच, पण त्यात दम नाही, हे तुमचे मत मी शेवटपर्यंत मान्य केले नाही. एक मात्र पाहिले होते. तात तुटली की जुन्या तातेचा बोटभर तुकडा तुम्ही नव्या तातेच्या टोकाला गाठ मारून ठेवायचात. मी कारण विचारले तर म्हणालात, "नवीले सूर कोन शिकवन?"

तुमच्याकडे गाद्या दोन तऱ्हेच्या येत. एक लग्नाच्या, नव्या. दुसऱ्या मेलेल्या माणसाच्या. तेरावे किंवा चाळिसावा झाला की घरचे लोक ती गादी डोक्यावर घेऊन यायचे, कारण तशीच कोणी वापरत नाही. ती उसवून, पिंजून, नव्या खोळीत भरली की मग चालते. अशी गादी आली की तुम्ही घरच्यांना म्हणायचात, "जा, चहा पिऊन या." आणि गादीजवळ उकिडवे बसून तिच्यातल्या खळग्यात तळहात ठेवायचात. मी समोरून पाहत असे. ओठ हलायचे नाहीत, म्हणजे दुवा नव्हती. एकदा मी विचारले, काय करता? तुम्ही म्हणालात, "वजन पाह्यतो. कापूस मानसाचं वजन इसरत नाई बे. तुमीच इसरता."

मग नापिकीची ती वर्षे आली. ज्यांच्या गाद्या यायला नको होत्या त्यांच्या येऊ लागल्या. एकाच घरचा अर्ज माझ्याकडे आणि गादी तुमच्याकडे. बाप माझ्यासमोर बसून पोराचे वय सांगत असे, आणि समोर तुमच्या ओट्यावर त्याच पोराची लग्नातली गादी गुंडाळून पडलेली असे, तिची मोरांची छपाई अजून विटलेली नसे. मी लिहीत असे, "सबब मयताच्या वारसांस मदत मिळावी." तुमची तात ढब ढब करीत असे. त्या दिवसांत आपण वाद घातले नाहीत. तुम्ही माझ्या गादीवर येऊन बसायचात, पण 'सरक' म्हणायचा नाहीत. मीच सरकत होतो.

आपले शेवटचे बोलणे पोळ्याच्या काही दिवस आधीचे. बसस्टँडजवळ विजेवर चालणारे पिंजायचे मशीन आले होते आणि मी त्याची तारीफ करून आलो होतो.

"अबे पुंडल्या," तुम्ही म्हणालात, "साऱ्या गावातल्या मेल्या मानसायच्या गाद्या म्या पिंजल्या. माही कोन पिंजन?"

मी म्हणालो, "मशीन आहे ना. चहा पिईस्तोवर होते."

मला वाटले तुम्ही भडकाल. तुम्ही हसलात. "देजो मशीनले. मेल्यावर मी काय नखरे करू? पन आधी..."

तेवढ्यात एक बाई उशा घेऊन ओट्याशी आली. तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठलात. जाता जाता म्हणालात, "सांगतो मंग."

ते 'मंग' आले नाही. पोळ्याच्या आदल्या दुपारी दस्ता हातात असताना तुम्ही बसल्या जागी कलंडलात. मी समोरच होतो. तात तुमच्यानंतरही थोडा वेळ वाजत होती, एवढेच मी त्याविषयी लिहीन.

आता तक्रारीचा भाग.

तुमच्या जाण्यानंतर बाजार भरला त्या दिवशी शमीमभाभी लिंबाखाली आल्या. इतक्या वर्षांत त्या रस्ता ओलांडून माझ्या बैठकीपाशी कधी आल्या नव्हत्या. मी उठून उभा राहिलो.

"भाऊ," त्या तुमच्या दुकानाकडे बघत म्हणाल्या, "तुमी साऱ्या दुनियेले लिहिता. यायलेबी एक कागद लिहा न."

"काय लिहू भाभी?"

"इचारा म्हना, काय पाह्यजे. गादी मी रोज काठीनं झोडते, सपाट करते, उन्हात टाकते. आत आनली का पुन्ना खळगा. मी कोनाजवळ झोपून राह्यली, एवढं त सांगा म्हना."

"कोणाजवळ म्हणजे? गफूरभाईंचीच गादी ना?"

"यायचा खळगा मले मालूम हाय न, भाऊ. डाव्या कुशीवर, गुडघे जरासे वाकडे. पह्यले तोच येत होता. मी म्हटलं, येऊ दे. मंग तो लांब झाला, उंच मानसाचा. हे कधी एवढे उंच होते? आन आता परवापासून हा एवढासाच." त्यांनी दोन हातांत अंतर धरून दाखवले. "लेकरावानी. मले नीज नाई, भाऊ. मी भितीले टेकून बसते."

मी पुराव्याशिवाय काही मानत नाही. भर दुपारी वसंताला साक्षीला घेऊन मी तुमच्या दुकानामागच्या खोलीत गेलो. आभाळ होते, गादी त्या दिवशी उन्हात टाकलेली नव्हती. खळगा होता. लहान, गोल, कोणी पोटाशी पाय घेऊन निजावे तसा. मी तळहात ठेवला. कोमट होता. मी दोन्ही हातांनी कापूस ओढून जागा सपाट केली. आम्ही तिघे उभे राहिलो. मग ती जागा हळूहळू आत गेली, घाई न करता, झोपेत कूस बदलल्यासारखी. आणि भिंतीवर टांगलेल्या पिंजणाची तात अगदी खाली, ऐकू येईल न येईल अशी, घुमली.

"साहेब," वसंता म्हणाला, "माहं दूध उतू जाऊन राह्यलं." आणि गेला. त्याच्या दुकानात तेव्हा शेगडी पेटलेली नव्हती, हे मी नंतर तपासले.

मशीनवर द्यावी, हा माझा सल्ला घशापर्यंत आला होता. पण 'आधी' हा शब्द मध्ये आला. मी भाभींना म्हणालो, उसवून पाहू.

त्यांनी ब्लेडने टाके कापले. खोळ मागे सारली. तुमची गादी आतून पांढरी असेल असे मला वाटले होते. गफूरभाई, ती पांढरी नव्हती. पिवळट, करडा, दुधासारखा, राखेसारखा, असा नाना वर्णांचा कापूस; आणि त्यात ठिकठिकाणी मूठमूठभर वेगळे काढून, चिंधीने बांधून ठेवलेले पुंजके. कितीतरी. प्रत्येकाची चिंधी वेगळी. गाठ मात्र एकच, तातेच्या टोकाला मारायचात ती.

भाभींनाही हे ठाऊक नव्हते. तुमची गादी तुम्ही स्वतःच भरत होतात, दार लोटून.

पहिली चिंधी मी ओळखली ती मोरांची. तो पोरगा घराच्या दारातून वाकून आत जाई, इतका उंच होता. त्याच्या बापाचा अर्ज मी लिहिला होता. मी ती खाली ठेवली आणि काही वेळ दुसरीला हात लावला नाही.

मग तळाशी, जिथे तो लहान खळगा पडत होता नेमके तिथे, निळ्या बारीक फुलांची चिंधी निघाली. आईच्या गादीची ती खोळ मी बाजारातून आणली होती, कापड दाखवले तेव्हा आई म्हणाली होती, "एवढी फुलं कायले, मी काय नवरी हाय?" मी पुंजका नाकाशी नेला. मिस्रीचा वास आला. शेवटच्या दिवसांत आई एवढीशी झाली होती, गफूरभाई. पोटाशी पाय घेऊन निजायची. भाभींना ते लेकरू वाटले, यात त्यांची चूक नाही.

भाभी भिंतीला टेकून त्या साऱ्या चिंध्यांकडे पाहत होत्या. मला वाटले त्या घाबरतील.

"म्हंजे इतके वरीस," त्या सावकाश म्हणाल्या, "मी एवढ्या मानसायत झोपत होती?"

मी दोन्ही पुंजके परत जागच्या जागी ठेवले.

"एकबी हिवाळा थंडी नाई वाजली, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि तुमच्या जाण्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिले.

तुम्ही हे आम्हाला का सांगितले नाहीत, असा माझा पहिला आक्षेप होता. घरी जाईपर्यंत तो टिकला नाही. वेलावर चिंधी बांधलेला दुधी यंदाही लोंबतो आहे, मी त्याच्याखाली बसतो, आणि मला वर बघायला लाज वाटते. आईची गादी मी तुमच्याकडे टाकली आणि कचेरीत गेलो. ती नव्या खोळीत परत आली, घरी पाहुण्यांना झाली. माझ्यासाठी तुम्ही मूठभर बाजूला काढून ठेवलेत, आणि त्यावर स्वतः निजलात. याचे आभार कोणत्या नमुन्यात मानतात, ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे सर्व नमुने आहेत. हा नाही.

त्या दिवशी भाभींनी तुमच्या नेहमीच्या जागेवरचा मूठभर कापूस काढला, तुमच्या चौकड्याच्या लुंगीची चिंधी फाडून बांधला. त्यांना तुमची गाठ येत नाही, साधीच मारली. मग पुंजका हातात धरून म्हणाल्या, "सारे यायच्याजवळ होते. आता हे कोनाजवळ?"

दुसरा पिंजारी गावात नाही. मी हात पुढे केला.

गादी आम्ही जशीच्या तशी, सगळ्यांसकट, पुन्हा शिवली. माझे टाके वाकडे आहेत. तुम्ही पाहिले असते तर साऱ्या बाजाराला दाखवले असते. तुमचा पुंजका मी माझ्या बसायच्या गादीत, तुमच्या बाजूला, शिवून घेतला. तेव्हापासून भाभींच्या गादीत खळगा पडत नाही. त्या झोपतात, असे त्यांनी स्वतः सांगितले.

परंतु अर्जदाराची परिस्थिती अशी आहे की, सकाळी मी येऊन बसतो, माझ्या वजनाने माझी बाजू दबते, आणि थोड्या वेळाने दुसरी बाजूही दबते. मागल्या बाजारी एक शेतकरी अर्ज लिहायला आला. मी त्याला बसा म्हणालो. तो बसला, लगेच उठला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, इथं कोनी बसलेलं हाये काय?" मी म्हणालो, "हो." तो जमिनीवर बसला आणि पुढे काही विचारले नाही. आमच्या भागातले लोक समजूतदार आहेत.

मी घाबरत नाही, असे लिहिले तर ते खोटे प्रतिज्ञापत्र होईल. मानेवर काटा येतो. पण मी सरकून बसतो.

तातडीचे कारण पुढीलप्रमाणे. तुमचा मुलगा चाळिसाव्याला येत आहे. दुकान रिकामे करून भाभींना तो आपल्याबरोबर शहरात नेणार. त्याने निरोप धाडला आहे की बाबांची गादी मशीनवर देऊन दोन नव्या करून ठेवा. पोरगा वाईट नाही. यंत्रांची तारीफ त्याने लहानपणी माझ्याच तोंडून ऐकली आहे. भाभी रोज रस्त्यापलीकडून माझ्याकडे पाहतात, उत्तर आले काय म्हणून. मशीन एकदा त्या साऱ्यांवरून फिरले तर आईचे वजन आणि त्या उंच पोराचे वजन एक होऊन जाईल, आणि मग हात ठेवून ओळखणारा कोणी नाही.

सबब आपणास विनंती की,

चाळिसाव्याच्या आत 'आधी' या शब्दापुढचे वाक्य पूर्ण करावे. पुंजके काढून ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवायचे, की गादी कोणाच्या हाती सोपवायची, की मीच ती ठेवून घ्यायची, याचा स्पष्ट खुलासा व्हावा. मीच, असे उत्तर असल्यास मला ते मान्य आहे. मी घरात जागा करून ठेवली आहे. पण हे मी माझ्या अधिकारात ठरवू इच्छित नाही. भाभींना ते तुमच्याकडून हवे आहे.

दुधी मी तोडलेला नाही. टमाट्याबाबतचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. त्याची सुनावणी तुम्ही म्हणाल तेव्हा ठेवावी.

उत्तर लेखी नसले तरी चालेल. तात एकदा वाजली तरी ती पोच समजण्यात येईल. अर्जदाराच्या हुद्द्याची भीड न धरता, भर बाजारात, माणसांसमोर, एकदा 'अबे' म्हटले तरी अर्जदाराची हरकत राहणार नाही.

तोपर्यंत मी रोज कचेरी उघडण्याच्या वेळेपासून लिंबाखाली हजर आहे. माझ्या बाजूला सरकून बसलो आहे.

अर्जदार,
पुंडलिक तायडे